पासंगाचं नाणं

बाबासाहेब ठोंबऱ्यांचा विषय निघाला की मी त्यांच्याबद्दल चांगलंच बोलतो, असं माझी बायको मंगल म्हणते. पण चांगलं बोलताना माझा आवाज जरा खाली जातो, असंही तीच म्हणते. तिच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बत्तीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पुष्कळ हुशार माणसं पाहिली, काहींचा रागही आला. हेवा मात्र आयुष्यात एकाच माणसाचा वाटला. तो माणूस दहावी नापास होता, बिडकीनहून एम-एटीवर यायचा आणि माझ्या घरात शिरताना चप्पल इतक्या नीट जोडून ठेवायचा की मंगल मला त्याचं उदाहरण द्यायची.

आमच्या दोघांचा छंद एकच होता, आणि तो या शहरात तिसऱ्या कुणाला असल्याचं मला माहीत नाही. अमेरिकेत १७९३ पासून तांब्याचा एक मोठा सेंट पाडायचे. आकारानं आपल्या जुन्या मोठ्या रुपयाएवढा, हातात घेतला तर भरीव. आपल्याकडं सत्तावनचं बंड झालं त्याच साली तिकडं हे नाणं बंद झालं. एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला पानांची माळ आणि मध्ये किंमत. गंमत अशी की सुरुवातीच्या काळात प्रत्येक ठसा हातानं घडवलेला असायचा. त्यामुळं एकाच सालाचे दोन ठसे कधी तंतोतंत सारखे निघत नाहीत. कुठं एखादं पान अक्षराला टेकतं, कुठं आकडा कलतो, कुठं ठशाला तडा गेलेला असतो आणि तो तडा नाण्यावर रेघ होऊन उमटतो. आम्ही वेडी माणसं साल बघून थांबत नाही, ठसा ओळखतो.

माझा मुलगा अमेरिकेत आहे. तो येताना माझ्यासाठी हे सेंट घेऊन यायचा, प्लास्टिकच्या डबीत बंद केलेले, वर तज्ज्ञांचा शिक्का मारलेले. माझ्याकडं या विषयावरची जाडजूड पुस्तकं होती, कॉलेजनं निकालात काढलेला एक उत्तम सूक्ष्मदर्शक होता आणि आपल्याला यातलं सगळं कळतं असा माझा समज होता.

तो समज ठोंबऱ्यांनी पहिल्याच भेटीत घालवला. शहरात नाण्यांचं एक छोटं प्रदर्शन होतं, त्यात मी माझे बावीस सेंट काचेखाली मांडले होते. लोक यायचे, अमेरिका म्हणून कौतुकानं बघायचे आणि निजामाच्या मोहरांकडं निघून जायचे. एक माणूस मात्र हललाच नाही. पांढरा सदरा, पायजमा, खांद्यावर रुमाल, उंची बेताची. दोन्ही हात पाठीमागं बांधून, वाकून, तासभर तो माझ्या काचेवर नजर ठेवून उभा होता. मला वाटलं, चोर असावा. शेवटी तो माझ्याकडं आला आणि अगदी हळू म्हणाला, “सर, ही चौथी आन् ही नववी. दोन्हींची पाठ एकाच डायची हाय. चौथी आधी मारली, नववी मागून. नववीत तडा लई लांब गेलाय.”

माझ्या टेबलावर भिंगही नव्हतं. ती दोन नाणी अकरा वर्षं माझ्याकडं होती. मी त्यांना छान हसून दाखवलं, बघतो म्हणालो, आणि घरी येऊन कपडे न बदलता पुस्तक उघडून बसलो. दोन्हींची पाठ एकाच ठशाची होती. तडा जसजसा वाढत गेला तसतसे त्याचे टप्पे पुस्तकात दिलेले होते आणि नववं नाणं शेवटच्या टप्प्यातलं होतं. मंगलनं जेवायला हाक मारली तेव्हा मी भूक नाही म्हणालो. कारण सांगितलं नाही.

ठोंबरे चितेगावच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. पत्रा दाबून भाग काढायचे जे साचे असतात, त्यांना ते डाय म्हणत, आणि आयुष्यभर त्यांनी डाय घडवले, घासले, तडा गेलेले दुरुस्त केले. बिडकीनला घरची शेती होती, ती भाऊ बघायचा. एकदा कारखान्यात मोठं प्रेस बसवायला एक अमेरिकन म्हातारा आला होता. तीन दिवस प्रेस नीट बसेना. ठोंबऱ्यांनी डायवर बोट फिरवून नेमका कुठं उंचवटा आहे ते दाखवलं. जाताना त्या म्हाताऱ्यानं खिशातला एक जुना सेंट त्यांच्या हातावर ठेवला. ठोंबरे सांगायचे, की नाणं म्हणून त्यांनी ते पाहिलंच नाही, आधी डाय दिसला. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासारखाच कानस घेऊन बसला होता आणि हनुवटीखाली त्याचा हात जरा घसरला होता, हे त्यांना दिसलं. मी पुस्तकातून जे शिकलो ते या माणसाच्या बोटांत आधीच होतं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

तरी मी त्यांना घरी बोलावलं. हेवा वाटणाऱ्या माणसाला टाळता येत नाही, उलट तो सारखा समोर हवा असतो. दर रविवारी सकाळी नऊला ज्योतीनगरात माझ्या घरासमोर एम-एटीचा आवाज यायचा. आधी ते बाहेरच्या नळावर हात धुवायचे, रुमालानं बोटाबोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करायचे, तंबाखूची चंची गाडीच्या डिकीत ठेवायचे. मग आत येऊन मंगलला “वहिनी, बरं हाय ना” एवढं विचारायचे. नाणं बाहेर काढायची वेळ आली की रुमाल तोंडावर बांधायचे. बोलताना उडालेला थुंकीचा बारीकसा थेंबही तांब्यावर काळा डाग पाडतो, हे रसायनशास्त्राचा मास्तर असून मी कधी पाळलं नव्हतं. ते पाळायचे. त्यामुळं नाणं बाहेर असेपर्यंत आमच्या घरात दोन म्हातारे टेबलावर वाकून अर्धा अर्धा तास गप्प बसलेले असायचे आणि त्यातल्या एकाचं तोंड बांधलेलं असायचं. मंगलची मैत्रीण एकदा हे बघून दारातूनच परत गेली.

नाण्यावरच्या देवीला ते बाई म्हणायचे. पहिल्या सालची मोकळ्या केसांची बाई. तिच्यानंतरची टोपीवाली. मग रिबिनीची बाई, तिच्या मागं कपाळावर पट्टीवाली. इंग्रजी पुस्तकांतली नावं मला पाठ होती, पण बोलताना माझ्याही तोंडात हीच यायला लागली. मुलगा फोनवर विचारायचा, या वेळी काय आणू, आणि मी सांगायचो, एखादी चांगली रिबिनीची बाई बघ. तो मला ते परत म्हणायला लावायचा.

त्यांची नाणी डबीत नसायची, कागदी पाकिटात असायची. दोन बोटं रुंद, जाड कागदाची छोटी चौकोनी पाकिटं ते स्वतः करायचे. तिकडच्या जुन्या संग्राहकांची पद्धत आहे की नाणं ज्याच्या ज्याच्याकडं गेलं त्यानं पाकिटावर एक ओळ लिहायची, आणि पाकीट कधी फेकायचं नाही. नाणं हात बदलतं, पाकीट त्याच्याबरोबर जातं. ही पद्धत मीच त्यांना सांगितली होती, पुस्तकात वाचून. मी ती कधी पाळली नाही. त्यांनी ती धर्मासारखी पाळली. कुठं मिळालं, काय बदल्यात दिलं, काय खोट आहे, सगळं निळ्या शाईनं, बारीक अक्षरात, ओळीला ओळ चिकटवून, कागद वाया न घालवता लिहिलेलं असायचं. खाली “ठोंबरे”.

या पाकिटाचा खरा अर्थ मला कळला तो महालक्ष्म्यांच्या वेळी. महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी मंगल तांब्यापितळेची सगळी भांडी काढून बसली होती. तामन, पळी, पंचपात्री, सगळं चिंच आणि मीठ लावून घासत होती. माझी एक रिबिनीची बाई, १८०३ सालची, सुंदर तपकिरी, तुळतुळीत, मी डबीतून काढून बघितली आणि टेबलावर तशीच ठेवली होती. मंगलला वाटलं, देव्हाऱ्यातला पैसा मळला आहे. तिनं तोही घासला. मी बाहेरून आलो तर तामनात ती बाई गुलाबी होऊन चमकत होती, अगदी टाकसाळीतून आज निघाल्यासारखी.

ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगतो, जुनं तांबं घासणं म्हणजे ते मारणं. दोनशे वर्षांत हवेनं चढवलेला थर एका चिंचेच्या बोटुकानं जातो आणि नाण्याची किंमत संपते. मी ओरडलो. सणाच्या घरात काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मंगल रडली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की ती माझ्या वस्तूची काळजीच घेत होती.

रविवारी ठोंबरे आले. मंगलनंच ते नाणं त्यांच्यापुढं ठेवलं, मान खाली घालून. त्यांनी रुमाल बांधला, नाणं कडेनं धरून उलटंपालटं केलं, रुमाल सोडला आणि तिला म्हणाले, वहिनी, देवाच्या कामात झालंय, तुमी मनाला लावून घेऊ नका. मग माझ्याकडं वळून त्यांनी ते नाणं दोन महिन्यांसाठी मागितलं.

दिवाळीनंतर त्यांनी ते परत आणलं. पूर्वीसारखं नव्हतं, पण तपकिरी होतं, खोल, सारखं, डोळ्याला न टोचणारं. मी विचारलं, काय केलंत. ते म्हणाले, कांद्याच्या चाळीत ठिवलं होतं, सुती फडक्यात बांधून. पावसानं दमट हवा, वर सडका कांदा, आपोआप चढलं. मी ऐकत उभा राहिलो. कांद्यातलं गंधक तांब्यावर काय करतं हे मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. समीकरण माझं होतं आणि सुचलं त्यांना.

मंगलनं त्या दिवशी त्यांना पुरणपोळी वाढली. मला नंतर वाढली.

जेवून झाल्यावर त्यांनी खिशातून एक कोरं पाकीट काढून माझ्यापुढं सरकवलं आणि लिहा म्हणाले. मी लिहिलं, १८०३, उत्तम स्थिती. त्यांनी नकाराची मान हलवली. मी म्हणालो, अहो, आता कुणाला कळणार आहे. त्यावर ते जे बोलले ते मला अजून ऐकू येतं.

“झालं ते लिवायचं, सर. उद्या ह्ये दुसऱ्याच्या हातात जाईल. त्यानं आपलं काय वाईट केलंय?”

मी लिहिलं, चिंचेनं घासलं गेलं, कांद्याच्या चाळीत रंग चढवला. खाली त्यांनी सही केली, मी केली. त्या पाकिटामुळं माझं नाणं कमी किमतीचं झालं आणि मी त्या दिवशी थोडा कमी खोटा झालो. हे माझं मत नंतरचं आहे. त्या दिवशी मला फक्त राग आला होता.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

गुलमंडीच्या मागं करीमभाईंचं पन्साऱ्याचं दुकान आहे. हिंग, धूप, लोबान, औषधी पाला. माझ्या वडिलांपासून आमच्या घरचा धूप तिथून येतो. म्हणजे मी त्या दुकानाच्या पायरीवर पन्नास वर्षं उभा राहिलेला माणूस. एका शनिवारी ठोंबरे काही कामानं शहरात आले होते, मी त्यांना बरोबर नेलं. करीमभाई आता वजनकाटा वापरतात, पण धूप तोलायला अजून जुना हातातला तराजू घेतात. त्याचं एक पारडं हलकं आहे म्हणून त्याच्या खाली चिंधीत गुंडाळून पासंग बांधलेला आहे, दोन्ही पारडी बरोबर यावीत म्हणून. पासंग वडिलांच्या वेळचा, कदाचित आजोबांच्या. करीमभाई माझा धूप तोलत होते, मी धुपाच्या दराबद्दल कुरकुरत होतो आणि ठोंबरे त्या पासंगाकडं बघत होते. चिंधी एका बाजूनं फाटली होती आणि त्यातून काळपट, जाड कड दिसत होती. नखाएवढी.

त्यांनी विचारलं, सोडून बघू का. करीमभाई म्हणाले, “निकालो मत अण्णा, तराजू झुक जाता.”

ठोंबऱ्यांनी हट्ट केला नाही. चिंधी जरा सारून पाहिली, बोटाची पेरं तिच्यावर ठेवली, परत नीट झाकली. मग विचारलं, मी तेवढ्याच वजनाचा पितळी पासंग करून आणला, नक्षीचा, तर हा देताल का. करीमभाई हसून हो म्हणाले. पुढच्या शनिवारी ठोंबरे खरंच तो घेऊन आले. लेथवर काढलेलं पितळेचं छोटं फूल, वर अडकवायला कडी. त्यांनी ते अडकवलं, करीमभाईंनी तराजू उचलला आणि काटा सरळ उभा राहिला. करीमभाईंनी तो पासंग दुकानात आलेल्या सगळ्यांना दाखवला. अजून दाखवतात.

चिंधीतून निघाली ती रिबिनीची बाई होती. काळी, खडबडीत, चेहरा झिजलेला. पण साल वाचता येत होतं. १७९९.

हे साल सगळ्यांत दुर्मीळ. मी आयुष्यात हातात घेतलं नव्हतं. माझ्या मुलानं तिकडं त्याची किंमत बघितली होती आणि बाबा, हे विसरा म्हणाला होता. आणि ते माझ्या नेहमीच्या दुकानात, माझ्या धुपाच्या पारड्याखाली, माझ्या नाकासमोर पन्नास वर्षं लोंबत होतं.

रविवारी ते नाणं घेऊन ठोंबरे माझ्याकडं आले. या सालाची खोटी नाणी पुष्कळ असतात. १७९८ चा शेवटचा आठ कोरून त्याचा नऊ करतात. म्हणून ते म्हणाले, तुमच्या यंत्रात बघा, पुस्तक बघा, तुमी सांगाल ते खरं. मी नाणं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. कोरलेल्या आकड्याभोवतीची जमीन खरवडल्यानं खाली जाते. इथं गेली नव्हती. दोन्ही नऊ एकाच पंचानं, म्हणजे आकडा ठोकायच्या एकाच छिन्नीनं, मारलेले होते, शेपटीच्या वळणापर्यंत सारखे. शंकेला जागाच नव्हती. मी उगाच पुस्तकाची पानं उलटत राहिलो, कारण मला वर बघायचं नव्हतं. ते पलीकडं तोंडाला रुमाल बांधून, हात मांडीवर ठेवून, निकाल ऐकायला बसले होते.

मी म्हणालो, “ठोंबरे, वाईट वाटतं, पण दुसरा नऊ आठावरून कोरलेला दिसतोय.”

त्यांनी रुमाल सोडला.  मग पाकीट पुढं केलं. त्यावर त्यांची पहिली ओळ होतीच, करीमभाईंच्या तराजूचा पासंग, बदली पितळी पासंग दिला. तिच्याखाली मी लिहिलं, “दुसरा नऊ कोरीव, नाणं बनावट.” सही केली. अक्षर छान आलं होतं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी काही शिल्लक राहिलं असतं. मी पुढं म्हणालो, तरी अभ्यासाला म्हणून मला द्या, बदल्यात माझी टोपीवाली घ्या. टोपीवाली चांगली होती, खोट्या नाण्याच्या बदल्यात कुणी देणार नाही इतकी चांगली. ठोंबऱ्यांनी पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

“खोटं नाणं घेऊन तुमी काय करणार, सर?” एवढंच म्हणाले, मंगलच्या हातचा चहा प्यायले आणि गेले.

पुढच्या रविवारी ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती. नऊला एम-एटी वाजली. हात धुतले, बोटं पुसली, वहिनींची विचारपूस केली. त्या नाण्याचं नाव त्यांनी काढलं नाही, त्या रविवारी नाही आणि पुढं चार वर्षांत नाही. त्यांना कळलं होतं का? ज्या माणसाला काचेबाहेरून तडा दिसतो त्याला एका पंचाचे दोन आकडे दिसणार नाहीत? की मास्तर म्हणून माझ्यावर त्यांनी खरंच विश्वास ठेवला? मला यातलं कुठलं जास्त वाईट वाटेल हे मी ठरवू शकलो नाही. दर रविवारी आज सांगू म्हणायचो आणि दर रविवारी ते एखादी अशी गोष्ट दाखवायचे की माझा हेवा पुन्हा वर यायचा आणि सांगणं पुढच्या रविवारवर जायचं.

मग काचबिंदूनं त्यांची नजर जायला लागली. आधी कडेचं दिसेना, मग अक्षर. एम-एटी त्यांच्या पोरानं काढून घेतली. रविवार बंद झाले. मला सुटल्यासारखं वाटलं आणि तरी रविवारी नऊला मी गॅलरीत जाऊन बसायला लागलो.

गेल्या मार्गशीर्षात त्यांची सून वैशाली हिचा फोन आला. ती बिडकीनजवळच्याच नव्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. म्हणाली, अण्णा नाणी माझ्या हवाली करतायत, मला यादी करायची आहे, पाकिटांवरचं बारीक अक्षर तुम्हीच वाचू शकाल असं म्हणतात. मी बसनं गेलो.

घरापुढच्या पत्र्याच्या सावलीत खाट, खाटेवर ठोंबरे, समोर स्टुलावर लॅपटॉप घेऊन वैशाली. त्यांनी माझा हात धरला तेव्हा बोटं कोरडी होती, माझ्या येण्याआधीच धुऊन ठेवलेली. पत्र्याच्या डब्यात एकतीस पाकिटं होती. मी एकेक काढून वाचायचं आणि तिनं टाइप करायचं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मधून मधून एखाद्या बाईची आठवण निघाली की हसत होते. अमेरिकन म्हाताऱ्याचा सेंट झाला. मग आणखी काही झाले. सतरावं पाकीट हातात आलं आणि मी ते उघडण्याआधीच ओळखलं.

पहिली ओळ वाचली, करीमभाईंच्या तराजूचा पासंग. दुसरी माझी होती. तिच्याखाली दोन-तीन ओळी मावतील एवढी जागा कोरी होती. ज्या माणसानं आयुष्यात पाकिटावर रेघभर जागा वाया घालवली नाही त्यानं ती सोडली होती. आणि त्या जागेच्या खाली, वाकड्यातिकड्या, मोठ्या झालेल्या अक्षरात तिसरी ओळ होती, “दिसणं कमी झालं. अंगठ्याला दोन्ही नऊ सारखेच लागतात. ठोंबरे.”

मी माझी ओळ गाळून तिसरी वाचली. त्यांना दिसत नव्हतं. वैशालीची नजर पडद्यावर होती.

“मधली राहिली,” ठोंबरे म्हणाले.

मी ती वाचली. माझंच नाव मला वाचावं लागलं. वैशालीची बोटं थांबली. तिनं विचारलं, म्हणजे हे खोटं आहे का, सर, वेगळं काढून ठेवू? ती तपासणीवाली. माझ्या शब्दावर ते नाणं कायमचं खोट्यांच्या डबीत गेलं असतं, आणि आंधळ्या माणसाच्या अंगठ्याला कुणी विचारलं नसतं. मी म्हणालो, नाही, अस्सल आहे.

“तोंडी नगं, सर,” ठोंबरे म्हणाले. “लिवा. जागा ठिवलीय.”

वैशालीनं पेन दिलं. मी मांडीवर पाकीट ठेवलं. पुन्हा तपासल्यावर अस्सल आढळलं, असं लिहिता आलं असतं, शास्त्रज्ञाला शोभलं असतं. नजरचूक, असं लिहिता आलं असतं. जागा थोडीच होती. मी लिहिलं आणि पाकीट वैशालीला दिलं, कारण ते मला मोठ्यानं वाचता आलं नसतं. तिनं वाचलं.

“वरची ओळ खोटी. नाणं अस्सल असल्याचं मला तेव्हाच दिसलं होतं. हेव्यानं लिहिलं.”

 गोठ्यात कुणीतरी बादली ठेवली. वैशालीनं माझ्याकडं पाहायचं टाळलं आणि ते जसंच्या तसं टाइप केलं. मग ठोंबऱ्यांनी हात पुढं केला, पाकीट मागितलं, आणि नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून अंगठा फिरवला. शाई ओली होती. अंगठा निळा झाला तसा त्यांनी तो सदऱ्याला पुसला.

“पुढलं घ्या,” ते म्हणाले.

उरलेली चौदा पाकिटं मी वाचली. चहा झाला, कांदाभजी झाली. मंगलची चौकशी झाली, चिंचेचा विषय निघाला, आम्ही दोघंही हसलो. माफी मी मागितली नाही आणि त्यांनी ती मागण्याची संधी दिली नाही. निघताना मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान होते.

फाटकापाशी चप्पल नीट करताना मी मागं वळून पाहिलं. ठोंबऱ्यांनी तोंडाला रुमाल बांधला होता. वैशालीनंही ओढणी तोंडावर घेतली होती. ते काळं नाणं त्यांनी तिच्या हातावर ठेवलं होतं, तिचा अंगठा आपल्या बोटांत धरला होता आणि सालाच्या आकड्यांवरून सावकाश नेत होते. पहिल्या नवावर थांबवला. दुसऱ्यावर थांबवला. तिनं डोळे मिटले होते. मान हलवली, म्हणजे तिलाही दोन्ही सारखेच लागले असावेत.

माझ्या घरी सेहेचाळीस सेंट आहेत, तो चिंचेचा एक सोडला तर सगळे डबीत, सगळे शिक्क्याचे. मुलगा दर खेपेला एखादा आणतो आणि टेबलावर ठेवून आपल्या कामाला लागतो. त्याचा अंगठा मी कधी धरला नाही, आणि आता धरला तर तो विचारेल, बाबा, काय झालं. मी फाटकाची कडी लावली. पैठण रोडवर येऊन बसची वाट बघत उभा राहिलो, आणि मला त्या माणसाचा इतका हेवा वाटत होता की पहिली बस मी तशीच जाऊ दिली.